आजार जन्माचा, दाखला मुदतीचा!

सिकलसेल आईबापांकडून रक्तात येतो आणि बहुतेकांच्या रक्तात मरेपर्यंत राहतो. मग त्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्याला मुदत कशासाठी? हा प्रश्न आम्ही विचारतो, कारण विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांना हा आजार चांगलाच ठाऊक आहे.

विज्ञानाने याचा निकाल केव्हाच लावला आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला आणि १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

या आजाराचे एकच जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात ते टिकले. मात्र दोन वाहकांच्या मुलाला आजार होऊ शकतो, आणि जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की वाहकाची गाठ वाहकाशी पडण्याची शक्यता वाढते. जातीतच लग्न हेच जातीचे मूळ, असे बाबासाहेबांनी १९१६ सालीच सांगितले होते. आजार जातीने निर्माण केला नाही, पण जातीच्या कुंपणाने तो आत कोंडून ठेवला.

कायदा मात्र फार उशिरा जागा झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात सिकलसेल नव्हता. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले आणि त्यात तो आला. पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार घेतलेच नाहीत. वर दाखल्याची मुदत आधी एक वर्ष ठेवली, मग ती तीन वर्षांवर नेली.

अधिकारी म्हणतील, आजाराची तीव्रता बदलते, हायड्रॉक्सियुरियाने त्रास कमी होतो. खरे आहे. पण औषधाने झटके कमी होतात, जनुक बदलत नाही. २०१७ चे नियमही सांगतात की दिव्यांगत्वात बदलाची शक्यता नसेल तर दाखला कायमचा द्यावा. तीव्रता मोजायची तर जरूर मोजा, पण त्यासाठी हक्क का थांबवता? गावातल्या मजुराला जिल्हा रुग्णालयाची फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि खर्चलेले भाडे. घरी सोसलेल्या कळांची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

मित्रांनो, जातीचा दाखला एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो. मग जन्मजात आजाराचा का चालू नये? आमची मागणी सरळ आहे. निदान पक्के झाले की दाखला कायमचा द्या. फेरतपासणी रुग्णाने मागितली तरच करा. नोकरीतल्या आरक्षणात रक्ताचे आजार घ्या. हक्क मुदतीवर मिळत असेल तर तो हक्क नव्हे, मेहेरबानी आहे. आणि मेहेरबानी मागायला बाबासाहेबांनी आम्हाला शिकवलेले नाही.

जय भीम!