झाकलेले तीन महिने



बीड जिल्ह्यात आपल्यातली कितीतरी घरं कापसावर आणि आडतीवर उभी राहिली. पुढे दुकान, मागे घर. दुकानात बियाणं, खत आणि फवारणीचं 'औषध'. विषाला औषध म्हणता म्हणता त्याची भीतीच गेली. म्हणून आज त्याचा थोडा इतिहास.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक जहाजातल्या पिठात मिसळलं गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. मग १९६८चा कीटकनाशक कायदा आला. तेव्हा भीती होती ती तत्काळ येणाऱ्या मरणाची. पोटातल्या बाळाचा विचार फार उशिरा झाला.

त्याच केरळात कासारगोडच्या काजूबागांवर वीसहून अधिक वर्षं, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं जाई. ते थांबावं म्हणून १९९८ मध्ये न्यायालयात गेल्या त्या लीलाकुमारी अम्मा, शेती खात्यात नोकरी करणारी एक बाई. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या एका गावातली ११७ मुलं तपासली. २००३ साली छापलेल्या त्या अभ्यासात ही मुलं उशिरा वयात येत असल्याचं दिसलं. अंडकोष खाली न उतरणं, जन्मजात हर्निया असे दोषही इतर गावच्या मुलांपेक्षा जास्त आढळले. मात्र संख्या लहान असल्याने या दोषांबाबत ठाम निष्कर्ष निघाला नाही. २००८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हरितगृहात काम करणाऱ्या गर्भवतींची मुलं तपासली. तिथेही तसंच चित्र दिसलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली.

असं का होतं? मुलाची जननेंद्रियं घडतात ती साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास, पुरुषी संप्रेरकाच्या इशाऱ्यावर. काही कीटकनाशकं तो इशारा बिघडवतात. आणि आपली रीत काय? तीन महिने होईपर्यंत गोड बातमी कोणाला सांगायची नाही! नेमक्या त्याच दिवसांत सून दुकानातल्या पुड्या मोजते, किंवा शेतातली बाई फवारणीसाठी पाणी वाहते, औषध कालवते, नवऱ्याचे फवाऱ्याचे कपडे हाताने धुते. मुलात दोष निघाला की बोल मात्र तिच्याच कुशीला लागतो.

चातुर्मासात आपण पालेभाज्या सोडतो, पाणी गाळतो. त्याच महिन्यांत कापसावर फवारणी जोरात असते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत 'विषवाणिज्य' आहे, हे आपण प्रतिक्रमणात म्हणतो. दुकान उद्या बंद करा असं मी म्हणणार नाही. आमचंही घर त्यावरच चाललं. पण एवढं तर हातात आहे:

बातमी जगाला सांगू नका, पण सासूला आणि नवऱ्याला पहिल्याच महिन्यात सांगा. दिवस गेलेल्या बाईला औषधाच्या गोदामात पाठवू नका. फवारणीचे कपडे वेगळे आणि ज्याचे त्याने धुवावेत. रिकामे डबे घरात वापरू नका, गिऱ्हाइकालाही तसं बजावा. कामाला येणारी बाई गरोदर असेल तर तिला दुसरं काम द्या, मजुरी न कापता.

आणि मुलगा झाला की लाज न धरता त्याची नीट तपासणी करून घ्या. सहा महिन्यांपर्यंत अंडकोष उतरले नाहीत, किंवा लघवीची जागा खाली दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. लहानपणीच्या शस्त्रक्रियेने हे दुरुस्त होतं. झाकून ठेवलं तर मात्र पुढे त्रास होतो.

जीवदया मुंगीपासून सुरू होते, खरं. पण ती कुशीपर्यंतही पोचायला हवी ना?