वर्गणी आपली, गोष्ट कुणाची?

वर्गणी काढून पडद्यावर गोष्ट आणायची, ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. १९७६चा बेनेगलांचा 'मंथन' आठवा. पटकथा आपल्या तेंडुलकरांची. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि त्यांना त्यांचीच गोष्ट बघायला मिळाली.

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं नशीब वेगळं. अमेरिकेत २०१४ साली 'अ‍ॅक्सनार' नावाच्या होऊ घातलेल्या चित्रपटाची झलक नेटवर आली. २१ मिनिटांचीच, पण मी तर बघून चाट पडले! लोकांनी १० लाखांहून जास्त डॉलर दिले. त्यातून स्टुडिओ उभा राहिला, चित्रपट मात्र नाही. 'स्टार ट्रेक'चे हक्क पॅरामाउंट आणि सीबीएसचे. त्यांनी डिसेंबर २०१५मध्ये दावा ठोकला. जानेवारी २०१७मध्ये तडजोड झाली, आणि पदरात काय पडलं? १५-१५ मिनिटांचे दोन भाग करायची परवानगी.

वर्गणीदार चिडले, साहजिकच. पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. दावा चालू असतानाच, जून २०१६मध्ये, सगळ्याच चाहत्यांसाठी नियम आले: फार तर अर्धा तास, वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत, आणि मालिका नाहीच. 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' ही लोकांच्या पैशावर चालणारी वेबमालिका २०१७मध्ये ११व्या भागावर थांबली. बघणारे हळहळले.

मला वाटतं, वर्गणी देणाऱ्याला नफा नको असतो. 'हे आपण केलं' एवढंच म्हणायचं असतं. पण गोष्टीतलं जगच दुसऱ्याच्या मालकीचं असेल, तर ते 'आपण'सुद्धा भाड्याचं!

असो. वर्गणीची वही पुढे आली, की आधी विचारावं... गोष्ट कुणाची?