द ओल्ड डार्क हाउस

विनोदी भयपट (१९३२). दिग्दर्शक जेम्स व्हेल. जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘बिनाइटेड’ (१९२७) या कादंबरीवर आधारित. निर्मिती हॉलिवूडच्या युनिव्हर्सलची. पण दिग्दर्शक, मूळ लेखक आणि बहुतेक प्रमुख नट ब्रिटिश असल्याने चित्रपटाचा पिंड ब्रिटिशच आहे.

वेल्सच्या डोंगरात वादळी पावसात अडकलेले प्रवासी फेम कुटुंबाच्या जुनाट वाड्यात आसरा घेतात. भित्रा होरेस (अर्नेस्ट थेसिजर), त्याची कमी ऐकू येणारी, धर्मवेडी बहीण रिबेका (ईव्हा मूर), वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेला १०२ वर्षांचा पिता, कोंडून ठेवलेला आगलावा भाऊ सॉल आणि दारू प्यायला की अनावर होणारा मुका नोकर मॉर्गन (बोरिस कार्लोफ) अशी ही मंडळी. म्हाताऱ्या पित्याची भूमिका एल्स्पेथ डजन या अभिनेत्रीने केली. श्रेयनामावलीत मात्र तिचे नाव ‘जॉन’ असे पुरुषी दिले गेले. थेसिजर साध्या जेवणाच्या पंगतीत बटाटा वाढतो, तेवढ्यानेही हसू येते आणि अंगावर काटाही उभा राहतो. व्हेलची खरी ताकद इथेच दिसते.

पुढे हा चित्रपट हरवला, असे मानले जात होते. दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन यांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे १९६८ मध्ये त्याची मूळ फिल्म सापडली. विल्यम कॅसल यांनी ब्रिटनच्या हॅमर फिल्म्ससोबत १९६३ मध्ये याच नावाने काढलेली नवी आवृत्ती फारच उथळ आहे.