सुशी आणि सावजी

पुण्याच्या भाच्याने विचारले, "मामा, नागपुरात चांगली सुशी कुठे मिळते?" मी बँकेतला माणूस, आधी जुने खाते तपासले. पूर्वी जपानात मासा टिकावा म्हणून तो भातात आंबवत आणि भात फेकून देत! हा तोट्याचा व्यवहार आपल्याला नामंजूर. त्याला सावजीत नेले.

१८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेले. मग हलबा कोष्ट्यांच्या घरचा झणझणीत रस्सा पोटापाण्यासाठी भोजनालयात आला.

चांगले सावजी कसे ओळखावे? पाटी पाहू नये, गिऱ्हाइकाचा रुमाल पाहावा. भाच्याचा ओलाचिंब झाला होता. घाम की अश्रू, मी विचारले नाही.

माग गेले, रस्सा राहिला. नाक पुसत भाचा म्हणाला, "मामा, आणखी एक वाटी!"