लाल गोळीची गोष्ट



गरोदरपणात मिळणारी लाल गोळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुणी ती नेमाने घेते, कुणाच्या गोळ्या फडताळात तशाच पडून राहतात. त्या एका गोळीत दोन गोष्टी असतात, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा पहिला माग लागला तो आपल्या मुंबईत, गरीब गरोदर बायकांच्या ताटावरून. तीच हकिगत आज सांगते.

साधारण शंभर वर्षांपूर्वीची मुंबई. कापडगिरण्यांचा भोंगा झाला की हजारो बाया कामाला निघायच्या. गिरणीतल्या बाईला बाळंतपणात रजा आणि पैसे मिळावेत, असा मुंबई प्रांताचा कायदा झाला तो १९२९ साली. तोवर पोट आणि पोटातलं बाळ, दोन्ही सांभाळून ती काम करायची.

त्याच सुमारास डॉ. मार्गारेट बाल्फोर बाळंतपणात बायका का दगावतात, याची चौकशी करत होत्या. गरोदर बायकांमध्ये एक आजार पुन्हा पुन्हा दिसत होता. बाई पांढरीफटक पडायची, दोन पावलं चालली की धाप लागायची, आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आसपास जीव जायचा. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने फुगलेल्या.

या आजाराचा शोध घ्यायला १९२८ साली इंग्लंडहून डॉ. लूसी विल्स आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. आधी त्यांनी रोगाचा जंतू आहे का ते पाहिलं. मग बायका काय खातात ते पाहिलं. गरीब बायकांत, त्यातही गरीब मुस्लिम बायकांत, हा आजार जास्त होता. त्यांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध, मटण यातलं फारच थोडं पडायचं. खाऊनपिऊन सुखी घरांत मात्र हा आजार क्वचितच.

म्हणजे दोष ताटात होता. पण ताटात नेमकं काय कमी होतं? अ आणि क जीवनसत्त्व देऊन पाहिलं, गुण आला नाही. कलेजीचा अर्क लागू पडायचा, पण तो महाग. विल्सबाईंनी माकडांनाही त्या बायकांसारखंच निकस अन्न दिलं, तेव्हा माकडांचंही रक्त कमी झालं. मग त्यांनी मार्माइट देऊन पाहिलं. यीस्टपासून केलेला हा काळा, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो स्वस्त होता. माकड सुधारलं, आणि बायकाही झपाट्याने बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे छापून जगापुढे मांडलं.

त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत तसा पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. नंतर कळलं की आईच्या पोटात बाळाचा मेंदू आणि मणका नीट घडायलाही तेच लागतं. तेही पहिल्या महिन्यात, दिवस राहिल्याचं आपल्याला कळायच्या आत. म्हणून मूल हवं असं ठरलं की डॉक्टर ही गोळी आधीपासूनच घ्यायला सांगतात.

भारत सरकारने लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची एकत्र गोळी देण्याचा कार्यक्रम १९७० साली सुरू केला. आपल्याकडे बहुतेकींच्या रक्तात कमी पडतं ते लोह, त्यामुळे दोन्ही लागतात. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ५२ गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. ७ च्या खाली गेलं की तो तीव्र, तेव्हा घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आईच्या रक्तातूनच बाळाला प्राणवायू मिळतो. ते कमी असेल तर बाळ दिवस भरायच्या आधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. आणि बाळंतपणात जेवढा रक्तस्राव एखादी धडधाकट बाई सोसते, तेवढ्याने रक्त कमी असलेली बाई जाऊ शकते.

“जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडकेल” असं अजून घराघरांत म्हणतात. ते मनावर घेऊ नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या. शी काळी होते, घाबरू नका. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नका. ताटात डाळ, उसळ, मेथी, शेवग्याचा पाला असू द्या, वर लिंबू पिळा. भाजी शिजवलेलं पाणी फेकू नका.

मुंबईतल्या त्या बायकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या ताटात जे नव्हतं, त्यातून हे औषध जगाला मिळालं. म्हणून येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटातल्या गरोदर मैत्रिणीला दोन गोष्टी जरूर विचारा. हिमोग्लोबिन किती आहे? आणि घरात तू सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं तर जेवत नाहीस ना?