पाच मिनिटांची भट्टी : ऑक्साइडांच्या इतिहासातील एक भारतीय पान

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रगत बॅटरी-सेलांच्या निर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तेव्हापासून देशात चर्चा चालते ती कारखान्यांची, जमिनीची आणि गिगावॅट-तासांची. सेलच्या पोटात जी काळी भुकटी भरावी लागते ती घडवायची कशी, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. त्या भुकटीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान भारतात लिहिले गेले आहे. म्हणून हे टिपण.

ही भुकटी अनेकदा कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडांची असते. या धातूंचे अणू इलेक्ट्रॉन सहज देतात-घेतात, त्यामुळे लिथियमच्या आयनांना त्यांच्या जालकात ये-जा करता येते. टिटॅनियम डायऑक्साइड याच कुळातले. आपण त्याला भिंतीच्या रंगातील पांढरे रंगद्रव्य म्हणून ओळखतो. त्याचे खनिज इल्मेनाइट त्रावणकोरच्या किनाऱ्यावर विपुल आहे. आपल्या रत्नागिरीच्या वाळूतही ते सापडते. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी याच पदार्थाच्या विद्युत्-अग्रावर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडवून दाखवले. त्याच्याही चार दशके आधी, १९३१ मध्ये, नीलरतन धर आणि जी. गोपाल राव यांनी सूर्यप्रकाशात अमोनियाचे ऑक्सिडीभवन आणि मातीतील नायट्रीकरण यांचा संबंध मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

एकच संयुग कधी रंगद्रव्य ठरते, तर कधी प्रकाश-उत्प्रेरक. त्याचे काम ठरते ते त्याच्या स्फटिकरचनेवर, कणांच्या आकारावर आणि पृष्ठभागावर. येथेच जुनी पद्धत अपुरी पडत असे. घटक पदार्थ खलात घोटायचे, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास तापवायचे, पुन्हा घोटायचे, असा तो क्रम. एवढ्या उष्णतेत कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो.

१९८८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. जे. किंग्जली आणि के. सी. पाटील यांनी वेगळी वाट दाखवली. अॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया यांचे द्रावण त्यांनी ५०० अंश तापलेल्या भट्टीत ठेवले. द्रावण उकळले, फेसाळले आणि पेटले. सुमारे पाच मिनिटांत पांढरे, हलके अॅल्युमिना हाती आले. नायट्रेट ऑक्सिजन पुरवतो, युरिया इंधन होते आणि लागणारी उष्णता अभिक्रियेतूनच निर्माण होते. ज्वाला क्षणभरच टिकते, शिवाय बाहेर पडणारे वायू कणांना फुलवून विलग ठेवतात. त्यामुळे कणांना वाढायला अवसर मिळत नाही. अॅल्युमिनियम हा संक्रमणी धातू नव्हे; परंतु ही ‘द्रावण-ज्वलन’ पद्धत लवकरच संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडांसाठीही वापरात आली.

त्याच संस्थेत एम. एस. हेगडे, गिरिधर मद्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसीन हे इंधन वापरून टिटॅनियम डायऑक्साइडचे ८ ते १० नॅनोमीटरचे स्फटिक बनवले. २००३ मध्ये त्यांनी दाखवले की पाण्यातील रंगांचे विघटन करण्यात हे चूर्ण ‘डेगुसा पी-२५’ या प्रमाण मानल्या जाणाऱ्या व्यापारी उत्प्रेरकाहून सरस ठरते. कण लहान असला की प्रकाशाने मुक्त झालेला इलेक्ट्रॉन वाटेत विरण्याआधी पृष्ठभागावर पोहोचू शकतो.

बॅटरीचा हिशेब थोडा निराळा आहे. तेथेही लहान कणात आयनांची वाट आखूड होते. पण पृष्ठभाग फार वाढला तर विद्युत्-अपघटनी द्रावणाशी नको त्या अभिक्रिया होतात आणि भुकटी दाटीने भरता येत नाही. म्हणून सूक्ष्म कणांचे काही मायक्रोमीटरचे गोळे बांधावे लागतात. ही बांधणी दर किलोला, दर टनाला तशीच साधणे हेच खरे कौशल्य.

मँगनीजच्या खनिजाची आपल्याकडे वाण नाही. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात १८९६ पासून संघटितपणे मँगनीजचा शोध आणि खाणकाम चालू आहे. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे विद्युत्-अपघटनाने मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा कारखानाही उभा राहिला. संशोधनही आपल्याकडे झाले. तरीही लिथियम सेलांसाठी आपण मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहोत, कारण खाण आणि सेल यांच्यामधला भुकटीचा टप्पा आपण दुर्लक्षिला. नव्या सेल-कारखान्याची बातमी वाचताना एवढे एक अवश्य विचारावे : त्यातली भुकटी कोठून येणार आहे?