१८. मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी (पाहा : वरील मजकूर)

२८ नोव्हेंबर १९४५च्या सकाळी किनाऱ्यावर चढलेल्या पाण्याला लेखकाने ‘अवेळी आलेले उधाण’ म्हटले आहे. वास्तविक ती त्सुनामी होती. त्या पहाटे, आपल्या घड्याळाने साडेतीनच्या सुमारास, मकरान किनाऱ्यालगत (आजच्या पाकिस्तानातील पसनीजवळ) सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तेथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकत असतो. दोहोंमधला अडकून बसलेला सांधा एकदम सुटला, की वरचा समुद्रतळ उचलला जातो आणि त्यावरचे पाणी तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळेच्या सगळे हलते. वादळवारा फार तर वरचा थर ढवळतो. दोन्हींतला खरा फरक हाच, नुसत्या उंचीचा नव्हे. खोल समुद्रात अशी लाट ताशी सहा-सातशे किलोमीटर वेगाने जाते, पण इतकी बुटकी असते की जहाजावरच्या माणसांना तिचा पत्ताही लागत नाही. पाणी उथळ झाले की वेग घटतो, उंची वाढते. मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ. त्यामुळे लाटेला येथे पोचायला साडेचार-पाच तास लागले. तिची उंची साधारण २ मीटर होती आणि शहरात पंधराएक माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. खरा विध्वंस पसनीत झाला. गंमत अशी, की अगदी जवळ असूनही तेथील सर्वांत मोठी लाट भूकंपानंतर दीड-दोन तासांनी आली. हादऱ्याने समुद्राखालची दरड कोसळून ती उठली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. — संपा.